अकराव्या वर्षीची प्रवेश परीक्षा

इयत्ता चौथीचे वर्ष संपत आले की अनेक गावांतील पालक शाळेच्या गुरुजींकडे काही ठरावीक प्रश्न घेऊन येतात. मुलाला नवोदय विद्यालयाच्या परीक्षेस बसवावे काय? तालुक्याच्या ठिकाणची एखादी खाजगी शाळा सहावीच्या प्रवेशासाठी चाचणी घेते असे कानावर येते. तेथे प्रयत्न करून पाहावा काय? आणि या सर्वांसाठी पाचवीचे वर्षभर त्याला गावाबाहेरच्या निवासी वर्गात ठेवावे काय? गुरुजी बहुधा होकार देतात. काही उत्साहाने देतात, कारण शाळेतील एखादे मूल निवडले गेले की शाळेचे नाव होते. काही नाइलाजाने देतात, कारण नकार दिल्यास पालक मुलाचा दाखलाच मागतात व पटावरील एक संख्या कमी होते. वस्तुतः हे तीन प्रश्न एकमेकांपासून वेगळे आहेत. त्यांतील एकाचे उत्तर तर कायद्यानेच देऊन ठेवले आहे, परंतु ते फारसे कोणी वाचलेले दिसत नाही.

दहा ते बारा वर्षांच्या मुलाची परीक्षा घेऊन त्याची पुढील शाळा ठरवावी की नाही, हा पेच केवळ आपल्यापुढेच आहे असे नव्हे. जपान, दक्षिण कोरिया व इंग्लंड या तिन्ही देशांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली. त्यांचा अनुभव आपणास काही सांगू शकेल, म्हणून प्रथम तो पाहणे इष्ट ठरेल.

जपानमधील खाजगी माध्यमिक शाळा

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये जपानने नवी शिक्षणव्यवस्था स्वीकारली. सहा वर्षे प्राथमिक, तीन वर्षे कनिष्ठ माध्यमिक असे नऊ वर्षांचे शिक्षण सक्तीचे झाले. सार्वजनिक कनिष्ठ माध्यमिक शाळेत प्रवेशासाठी परीक्षा नाही. मूल ज्या वस्तीत राहते तेथील शाळेत त्याला जागा मिळते व पाठ्यपुस्तकेही विनामूल्य मिळतात. तेव्हा बाराव्या वर्षी परीक्षा देण्याची सक्ती तेथे कोणावरही नाही. ती द्यावयाची ती खाजगी शाळांसाठी, आणि अशा शाळांत जाणारी मुले देशभरात शंभरात सुमारे सात-आठ एवढीच आहेत. टोकियोमध्ये मात्र हे प्रमाण चौघांत एक याच्या आसपास जाते. म्हणजे हा मुख्यतः महानगरातील सुस्थित कुटुंबांचा प्रश्न आहे. पण त्याची चर्चा साऱ्या देशात चालते.

टोकियोतील खाजगी शाळांच्या परीक्षा १ फेब्रुवारीपासून सुरू होतात. एकेक मूल सलग काही दिवस निरनिराळ्या शाळांच्या परीक्षांना बसते. जपानी भाषा, अंकगणित, विज्ञान व समाजशास्त्र हे चार विषय असतात. तयारी मात्र तीन वर्षे आधी सुरू होते. तिसरीचे वर्ष संपता संपता मूल 'जुकू' म्हणजे खाजगी शिकवणी वर्गात दाखल होते आणि सहावीपर्यंत शाळा सुटल्यावर सायंकाळपासून रात्रीपर्यंत तेथे बसते. रात्रीचे जेवण पुष्कळदा डब्यातूनच होते. दर काही आठवड्यांनी सराव परीक्षा होते, आणि सरासरीला ५० धरून मूल तिच्या किती वर वा खाली आहे हे एका आकड्यात सांगितले जाते. या आकड्यावर त्याने कोणत्या शाळेची आशा धरावी हे ठरते. काही वर्गांत तर बसण्याची जागासुद्धा गुणांवरून ठरते.

या पद्धतीवर टीका करणे सोपे आहे. तथापि पालकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. खाजगी शाळा बहुधा सहा वर्षांची, म्हणजे कनिष्ठ व उच्च माध्यमिक एकत्र अशी असते. तेथे गेलेल्या मुलाला पंधराव्या वर्षी उच्च माध्यमिकची प्रवेश परीक्षा द्यावी लागत नाही. सार्वजनिक शाळेतील मुलाला ती द्यावीच लागते. पालक म्हणतात की परीक्षा चुकणार नाहीच, तर ती एकदाची लवकर होऊन जावी आणि पुढील सहा वर्षे मुलाने खेळ, वाचन, छंद यांत मन रमवावे. हा युक्तिवाद पोकळ नाही.

दुसरे असे की, चांगल्या शाळांच्या प्रश्नपत्रिका नुसत्या घोकंपट्टीच्या नसतात. अंकगणितात बीजगणिताची समीकरणे न वापरता सोडवावयाची उदाहरणे असतात. त्यांतील एक जुना प्रकार करकोचे व कासवे यांचा आहे. आपल्याकडील कोंबड्या व शेळ्या घेऊन तो असा मांडता येईल : एका अंगणात कोंबड्या व शेळ्या मिळून १० डोकी व २८ पाय आहेत, तर प्रत्येकी किती? समजा, सर्व कोंबड्याच आहेत. मग पाय २० झाले असते. प्रत्यक्षात ८ जास्त आहेत. एका कोंबडीच्या जागी एक शेळी आणली की दोन पाय वाढतात. म्हणून शेळ्या ४ व कोंबड्या ६. आपल्या शिक्षकांनी असे उदाहरण पाचवीच्या वर्गात फळ्यावर घालून पाहावे. क्ष न मानता 'समजा' या एका शब्दावर मूल कसे विचार करू लागते, हे पाहण्याजोगे आहे. खेदाची गोष्ट एवढीच की, जुकूमध्ये याच उदाहरणांचे प्रकार पाडले जातात, प्रत्येक प्रकाराची रीत पाठ करून घेतली जाते, आणि विचार करण्यासाठी रचलेले उदाहरण वेगाने ओळखण्याचे उदाहरण होऊन बसते.

शासनाने हस्तक्षेप केला तेव्हा काय घडले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. १९६७ मध्ये टोकियोच्या प्रशासनाने नामांकित सार्वजनिक उच्च माध्यमिक शाळांची चढाओढ मोडण्यासाठी शाळांचे गट पाडले. विद्यार्थ्याने गटासाठी परीक्षा द्यावयाची व त्यातील कोणती शाळा मिळेल ते प्रशासनाने ठरवावयाचे, अशी ती योजना होती. हेतू चांगला होता. परंतु ज्या कुटुंबांना विशिष्ट शाळाच हवी होती, ती खाजगी शाळांकडे वळली. हिबिया ही टोकियोतील सार्वजनिक शाळा १९६४ मध्ये टोकियो विद्यापीठात १९० हून अधिक विद्यार्थी पाठवीत होती. १९९३ मध्ये तिचा अवघा एक विद्यार्थी तेथे गेला. कोबे येथील नाडा या खाजगी शाळेने तर १९६८ मध्येच हिबियाला मागे टाकले होते. स्पर्धा नाहीशी झाली नाही. ती पंधराव्या वर्षावरून बाराव्या वर्षावर सरकली आणि विनाशुल्क शाळांतून सशुल्क शाळांत गेली.

पुढे १९९९ पासून सार्वजनिक क्षेत्रातही सहा वर्षांच्या शाळा काढण्यास वाव मिळाला. बालवयात परीक्षेचे ओझे पडू नये म्हणून या शाळांनी विषयवार लेखी परीक्षा घेऊ नये असा नियम केला गेला. त्याऐवजी 'अभिवृत्ती तपासणी' आली. तीत एखादा तक्ता वा उतारा देऊन मुलाचा विचार लिहून मागितला जातो. कल्पना स्तुत्य खरी. पण शिकवणी वर्गांनी अल्पावधीतच या तपासणीचेही वर्ग काढले.

मुळ्याचा रस आणि अडतीस मुले

दक्षिण कोरियाची कथा अधिक तीव्र आहे. तेथे १९६० च्या दशकात सर्वच माध्यमिक शाळांसाठी प्रवेश परीक्षा होती आणि सेऊलमधील मोजक्या शाळांसाठी प्राथमिक शाळेतील मुले रात्रंदिवस अभ्यास करीत. डिसेंबर १९६४ मध्ये सेऊलच्या परीक्षेत एक प्रश्न आला. तांदळापासून 'योत' नावाची गोड, चिकट मिठाई करताना मोड आणून वाळवलेल्या सातूऐवजी काय घालता येईल? अपेक्षित उत्तर डायास्टेज हे होते. अनेक मुलांनी मुळ्याचा रस हे उत्तर निवडले. पाठ्यपुस्तकात मुळ्याच्या रसात डायास्टेज असते असे लिहिलेले होते, तेव्हा मुले चुकली असे म्हणणे कठीण होते. तरी गुण मिळाले नाहीत, आणि एका गुणाने प्रवेश हुकला.

यावर माता-पालकांनी मुळ्याच्या रसाने खरोखर योत शिजविली व ती पातेल्यासह शिक्षणाधिकाऱ्यांपुढे नेऊन ठेवली. प्रकरण न्यायालयात गेले. १९६५ मध्ये न्यायालयाने मुळ्याचा रस हेही बरोबर उत्तर ठरविले व ३८ मुलांना त्यांच्या शाळांत प्रवेश मिळाला. बारा वर्षांच्या मुलांच्या एका गुणाचा निवाडा न्यायालयास करावा लागावा, यात त्या परीक्षेचे सारे स्वरूप आले. एक प्रश्न सदोष निघणे हे कोणत्याही परीक्षेत घडू शकते. तो सदोष प्रश्न मुलाचे पुढील आयुष्य वळवू शकतो, ही खरी अडचण होती.

१५ जुलै १९६८ रोजी कोरियाच्या शासनाने माध्यमिक शाळांची प्रवेश परीक्षा रद्द करीत असल्याचे जाहीर केले. १९६९ मध्ये सेऊलमध्ये, १९७० मध्ये इतर मोठ्या शहरांत व १९७१ मध्ये देशभर तिची अंमलबजावणी झाली. मुलांनी हाताने फिरविण्याच्या यंत्रातून सोडतीने शाळा काढावयाची, अशी पद्धत सुरू झाली. प्राथमिक शाळेतील मुलांची सुटका झाली. पण ताण एक पायरी वर चढला. म्हणून १९७४ पासून सेऊल व बुसान येथे उच्च माध्यमिकलाही वाटपपद्धती लागू करावी लागली, आणि १९८० मध्ये खाजगी शिकवण्यांवरच बंदी घालण्यात आली. ही बंदी तेथील घटना न्यायालयाने २००० मध्ये रद्द ठरविली. खाजगी शिकवणीचा खर्च हा कोरियन कुटुंबांपुढील मोठा प्रश्न आजही आहे. तरीदेखील १९६८ चा निर्णय फसला असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. बारा वर्षांच्या मुलास मिळालेली सवलत अठराव्या वर्षी पुन्हा वसूल होते म्हणून ती व्यर्थ ठरत नाही. दहा-बारा वर्षांचे शरीर व अठरा वर्षांचे शरीर यांत अंतर आहे.

इंग्लंडविषयी थोडक्यात. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर तेथे अकराव्या वर्षीच्या चाचणीवरून मुले ग्रामर शाळा व अन्य शाळा यांत विभागली जात. सुमारे पाचांत एक मूल ग्रामर शाळेत जाई. उत्तमात उत्तम चाचणी घेऊनही दहांतील एखादे मूल चुकीच्या बाजूस पडते, असे त्यांच्याच अभ्यासकांना १९५० च्या दशकात आढळले. मुली अधिक गुण मिळवीत म्हणून काही ठिकाणी त्यांच्यासाठी उत्तीर्णतेची पातळी वर ठेवली जात असे! १९६५ पासून ही विभागणी बहुतेक भागांत मोडीत निघाली; १६३ ग्रामर शाळा मात्र इंग्लंडमध्ये आजही आहेत, आणि त्यांच्यासाठीच्या शिकवण्याही.

आपल्या कायद्याची स्थिती

आता आपल्याकडे वळू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्याच्या कलम १३ अन्वये कोणत्याही शाळेला प्रवेशाच्या वेळी मुलाची अथवा त्याच्या पालकांची चाळणी करता येत नाही. प्राथमिक शिक्षण म्हणजे पहिली ते आठवी. तेव्हा सहावीच्या प्रवेशासाठी खाजगी शाळेने घेतलेली लेखी चाचणी वा मुलाखत या कलमात बसते. पहिल्या उल्लंघनास पंचवीस हजार रुपयांपर्यंत व त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयाने अल्पसंख्याकांच्या शाळा या अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवल्या, हा अपवाद ध्यानात ठेवावा.

तेव्हा आरंभीच्या तीन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर हे आहे : सर्वसाधारण खाजगी शाळेला अशी परीक्षा घेण्याचा अधिकारच नाही. मुलाने ती द्यावी की न द्यावी हा प्रश्न तेथे मुळातच उद्भवू नये. व्यवहारात ती 'संवाद', 'पायाभूत चाचणी', 'पालक भेट' अशा नावांनी घेतली जाते, हे अधिकाऱ्यांना ठाऊक असते. पालक तक्रार करीत नाहीत, कारण ज्या शाळेत मूल घालावयाचे तिच्याविरुद्ध कागद कोण करील? कलम ३२ अन्वये तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते व प्राधिकरणाने संबंधितांचे म्हणणे ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावयाचा असतो. त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. पंचायतीच्या सभासदांनी हे कलम पालकांना समजावून सांगितले तरी पुष्कळ काम होईल.

नवोदयचा प्रश्न निराळा आहे

नवोदय विद्यालये व सैनिकी शाळा यांची गणना याच अधिनियमात 'विनिर्दिष्ट प्रवर्ग' म्हणून स्वतंत्रपणे केली आहे व त्यांच्या निवड चाचण्या चालू आहेत. ही विद्यालये खाजगी नाहीत. ग्रामीण भागातील हुशार मुलांना, घरची परिस्थिती कशीही असली तरी, चांगले निवासी शिक्षण मिळावे हा नवोदयचा हेतू. १९८५-८६ मध्ये प्रथम जी दोन विद्यालये निघाली, त्यांतील एक हरियाणात झज्जर येथे व दुसरे आपल्या अमरावती येथे होते. सैनिकी शाळांतील पहिल्यांपैकी एक सातारा येथे १९६१ मध्ये स्थापन झाली, तेव्हा या दोन्ही परंपरांशी महाराष्ट्राचा जुना संबंध आहे.

नवोदयची चाचणी दोन तासांची, ८० प्रश्नांची व १०० गुणांची असते. निम्मे गुण आकृत्यांवर आधारलेल्या मानसिक क्षमतेस, उरलेले अंकगणित व भाषा यांस समान. ती मराठीतूनही देता येते. एका विद्यालयात सहावीला ८० जागा. त्यांतील किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी आणि एकतृतीयांश जागा मुलींसाठी. ग्रामीण जागेसाठी मुलाने तिसरी, चौथी व पाचवी ग्रामीण भागातील शाळेतच पूर्ण केलेली असावी लागते. आणि सर्वांत महत्त्वाची अट ही की, ही परीक्षा एका मुलाला एकदाच देता येते.

आकृत्यांच्या प्रश्नांना अर्धे गुण देण्यामागे समजण्याजोगे कारण आहे. ज्याच्या घरी पुस्तके नाहीत, त्याचे पालक शिकलेले नाहीत, अशा मुलाची बुद्धी शब्दांच्या आड येऊ नये. पण जपानच्या अभिवृत्ती तपासणीचे जे झाले तेच येथेही झाले. आकृत्यांचे दहा-बारा प्रकार ठरून गेले, त्यांची जाडजूड मार्गदर्शके निघाली, आणि ज्याला ती विकत घेता येतात तो पुढे गेला. एखाद्या शेतमजुराच्या मुलीने उत्तरपत्रिकेवरील गोल प्रथमच परीक्षागृहात पाहावा व तालुक्यातील दुकानदाराच्या मुलाने तो दोनशे वेळा रंगविलेला असावा, ही समान संधी नव्हे.

म्हणूनच या परीक्षेस मुलांना बसवू नये असा सल्ला देणे प्रस्तुत लेखकास पटत नाही. शिक्षकाने अंग काढून घेतले तर परीक्षा बंद होत नाही. केवळ गरीब मूल तीतून बाहेर पडते. शाळेने पाचवीच्या सर्व मुलांना, निवडक चार मुलांना नव्हे, आठवड्यातून दोन तासिका आकृत्या, तोंडी हिशेब व उताऱ्याचे वाचन यांसाठी द्याव्यात. यांपैकी काहीही अभ्यासक्रमाबाहेरचे नाही. उत्तरपत्रिकेचा नमुना प्रत्येकाच्या हाती परीक्षेपूर्वी चार-पाच वेळा पडावा. अर्ज भरण्याचे काम आता संगणकावरून होते. मुदतीच्या अखेरच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात गर्दी करण्यापेक्षा ते आधीच उरकावे. ज्या घरी असे काम करणारे कोणी नाही, तेथील मुलांचे अर्ज शाळेनेच भरावेत. मुलींच्या बाबतीत पालकांशी दोनदा बोलावे लागते, हा अनुभव बहुतेक शिक्षकांना आहे.

निवासी वर्गांविषयी मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. नऊ-दहा वर्षांचे मूल, पट गावच्या शाळेत व प्रत्यक्ष वास्तव्य शहरातील एखाद्या भाड्याच्या इमारतीत, दिवसाचे दहा तास प्रश्नसंच, अशी व्यवस्था काही भागांत रूढ झाली आहे. यात हजेरीपत्रकावरील नोंद खोटी ठरते, मूल शालेय शिक्षणाच्या एका वर्षास मुकते, आणि ८० जागांपैकी एक न मिळाल्यास ते अपयशाच्या भावनेने परतते. पालकाने त्यासाठी कर्ज काढलेले असेल तर ती भावना घरातही शिरते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी केंद्रांनी प्रवेश देऊ नये असे म्हटले आहे. राज्याने त्या कशा अमलात आणावयाच्या हा वेगळा विषय; पण केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत पाचवीची हजेरी डोळ्यांनी मोजली तरी बरेच काही उघड होईल.

शिष्यवृत्ती परीक्षेशी तुलना केल्यास फरक ध्यानात येतो. ती चौथी व सातवीस, २०१६-१७ पासून काही वर्षे पाचवी व आठवीस, घेतली गेली. तीत यश न आले तर मुलाचे काहीच जात नाही. ते आपल्याच शाळेत, त्याच बाकावर बसते. तयारीत वाचलेले मात्र राहते. प्रवेश परीक्षेतही हीच वृत्ती पालकांत रुजविता आली तर पुष्कळ साधेल. निकालाच्या दिवशी निवडलेल्या एका मुलाचा ग्रामपंचायतीत सत्कार करण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. ती बंद करावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या वेळी त्याच वर्गातील उरलेली वीस मुले समोर बसून टाळ्या वाजवीत असतात, हे आयोजकांच्या लक्षात यावे.

या वीस मुलांचा विचार खरे तर अधिक तातडीचा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातून पुढे आलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक ज्याचे सदस्य-सचिव होते, त्या कोठारी आयोगाने १९६६ मध्ये परिसरातील सर्व मुलांनी एकाच शाळेत शिकावे अशी शिफारस केली होती. ती प्रत्यक्षात आली नाही, आणि प्रवेश परीक्षांना आज जे महत्त्व आले आहे त्याचे एक कारण तेथे सापडते. गावची सहावी-सातवी चांगली चालत असेल तर नवोदय ही एक अधिकची संधी ठरते. ती चांगली नसेल, किंवा गावची शाळा पाचवीलाच संपत असेल, तर पालकाला दोन तासांच्या चाचणीत मुलाचे सारे भवितव्य दिसू लागते.

राज्याच्या नियमांनुसार सहावी ते आठवीची सोय वस्तीपासून तीन किलोमीटरच्या आत असावयास हवी. ज्या गावी ती नाही, तेथे शाळा व्यवस्थापन समितीने जानेवारीतच पाचवीच्या सर्व मुलांची यादी करावी, प्रत्येक मूल जूनमध्ये कोणत्या शाळेत व कशाने जाणार हे नावासमोर लिहावे, आणि ज्यांच्या नावापुढील रकाना रिकामा राहील त्यांच्यासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे वाहतुकीची मागणी नोंदवावी. या समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असतात. नवोदयचा अर्ज कोणी भरला याची यादी बहुतेक शाळांत तयार असते. ही दुसरी यादी अद्याप फार थोड्या शाळांत आढळते.